चाळीस अंशांची दुपार

रंगनाथनं वैजूच्या कपाळावर हात ठेवला, आणि हे कपाळ एरवी हाताला कसं लागतं ते आपल्याला ठाऊकच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. हात त्यानं बायकोसारखा, नर्मदेसारखाच ठेवला होता, उलटा, बोटांची पाठ टेकवून. नर्मदा असा हात लावते न लावते तोच सांगून मोकळी होते, "कणकण हाय," नाहीतर "काही न्हाई, उन्हातून आलीय." रंगनाथचा हात मात्र ठेवल्या जागी नुसता राहिला. गरम लागत होतं हे खरं. पण एप्रिलच्या परभणीत गरम काय लागत नव्हतं? पलंगाची लोखंडी पट्टी गरम होती, भिंत गरम होती, माठाखालची तिवईसुद्धा कोमट होती. त्यानं हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावून पाहिला. तेही गरमच. पुन्हा वैजूच्या कपाळाला लावला. काहीतरी फरक होता, पण तो किती, आणि रोजच्यापेक्षा किती, हे कुणाला विचारायचं? तीन वर्षांची लेक, त्याच्या डोळ्यांसमोर वाढलेली. तिला तो ओळखत नव्हता असं कोण म्हणेल? चपला फरफटत चालणं, वरणातला मिरचीचा तुकडा चिमटीत धरून ताटाबाहेर ठेवणं, झोपेतून उठल्यावर कुणाशीच न बोलणं, हे सगळं त्याला पाठ होतं. पण हे सगळं लांबून ओळखता येण्यासारखं होतं. या विचारानं त्याला कसंसंच झालं, आणि त्यानं हात काढून घेतला.

"लय तापायली का?" पलंगावरून आबांनी विचारलं.

"हाव. वाटायलंय तसं," तो म्हणाला.

आबा, म्हणजे त्याचे वडील आबासाहेब, काल पेडगावहून ज्वारीचं पोतं आणि कांद्याची पिशवी घेऊन आले होते. सकाळच्या गाडीनं परत जायचे होते, पण नामांतरावरून बंद पुकारलेला, स्टँडवरून एकही गाडी सुटली नव्हती. त्याच बंदात नर्मदाही मानवतला अडकली होती. तिच्या आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सोबत अंगावरचं पोर, आणि वैजूला कुठं हिंडवायची त्या गर्दीत, म्हणून ती म्हणाली होती, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, राहील तुमच्याजवळ. दारातून निघताना तिनं डबे कुठं आहेत ते सांगितलं, दूध कसं तापवायचं ते सांगितलं, वैजूला झोपताना कुठलं फडकं लागतं ते सांगितलं. कपाळ कसं लागतं ते सांगितलं नाही. ते काय सांगायची गोष्ट असते? काल संध्याकाळी पोरगी किरकिर करायला लागली तेव्हा तो तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी घसा बघितला, गुलाबी औषधाची बाटली दिली, ताप चढला तर अंग ओल्या फडक्यानं पुसत राहा, फार चढू देऊ नका, लहान पोरांना आकडी येते, असं बजावलं. येताना त्यानं औषधाच्या दुकानातून थर्मामीटर घेतला. आणि तो हातात आल्यावर त्याला एकदम बरं वाटलं होतं. आपल्या ओळखीचं कुणीतरी सोबत आहे, असं.

ओळखीचं होतंच ते. कृषी विद्यापीठाच्या हवामान वेधशाळेत पारा वाचणं हीच त्याची नोकरी. मोकळ्या रानात चार पायांवर एक पांढरी झडपांची लाकडी पेटी उभी आहे. सकाळ-दुपार तिचं दार उघडायचं आणि आतल्या नळ्या वाचायच्या. परभणी आज किती तापली, पहाटे किती निवली, हे गावाला दुसऱ्या दिवशी कळतं, रंगनाथला त्याच दिवशी. नोकरीला लागला तेव्हा शिकवायला आलेल्या साहेबांनी पहिली गोष्ट सांगितली होती ती ही, की पेटीशी रेंगाळायचं नाही. माणसाच्या अंगाची ऊब पारा लगेच धरतो. हातभर लांब उभं राहायचं, श्वास रोखायचा, चटकन आकडा घ्यायचा आणि दार लावायचं. बाकीच्यांना याचा सराव व्हायला महिना लागला. सोबतचा बन्सीधर तर अजून नळीवर फुंकर घातल्यासारखा वाचतो. रंगनाथला पहिल्या दिवशीच जमलं. साहेब खूश झाले, म्हणाले, तुमचा हात या कामाला बनलेला आहे. तेव्हा त्याला अभिमान वाटला होता.

आताही त्यानं तसंच केलं. थर्मामीटर झटकला, वैजूच्या काखेत ठेवला, तिचा दंड दोन बोटांनी वरून दाबून धरला आणि बाकीचा स्वतः लांब राहिला. पोरगी डोळे मिटून पडली होती. ओठ सुकले होते. त्यानं नळी काढून उजेडाकडे धरली. एकशेतीन. वेधशाळेच्या हिशेबात एकोणचाळीसच्या थोडं वर. आकडा क्षणात वाचला, क्षणात बदलून घेतला, त्यात त्याचा हात कोण धरणार? आकडा मिळाला की पेटीचं दार लावून निघायचं, एवढंच त्याला माहीत होतं. इथं आकडा मिळाल्यावर सगळं सुरू व्हायचं होतं. बाटली, चमचा आणि पोरगी समोर ठेवून तो बसून राहिला.

औषध पाजायचं कसं हे त्यानं शंभरदा बघितलं होतं. नर्मदा पोरीला मांडीवर आडवी घेते, तिचा एक हात आपल्या काखेखाली अडकवते, दुसरा मुठीत धरते, आणि गालाला चिमटा घेतल्यासारखं तोंड उघडून चमचा आत रिकामा करते. पोरगी रडते, तीही रागावते, मग दोघी एकमेकींना चिकटून बसतात. सोपी गोष्ट. पण त्यासाठी पोरीला मांडीवर घ्यावं लागत होतं, आणि पलंगावर आबा बसले होते.

पेडगावच्या घरात बाप आपल्या पोराला वडीलधाऱ्यांसमोर घेत नसे. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. उंबऱ्यावर पाय देऊ नये हे जसं कळतं तसं ते कळलेलं होतं. पोर रडो, पडो, बाप ऐकू न आल्यासारखा बसून राहायचा. उठायची ती बाई, नाहीतर चुलता. घरात थोरले होते किशनराव, आबांचे वडीलभाऊ. ते गेल्या साली वारले तोवर सत्तरीचे आबा त्या घरात धाकटेच होते, थोरल्यांसमोर तंबाखूही न खाणारे. त्यामुळे रंगनाथला खांद्यावर घेऊन फिरले ते थोरले. त्यांच्या बंडीचा घामट वास, मानेवरची चामखीळ, आणि "धर गच्च, पडशील तं मला बोल लागंल," हे त्यांचं नेहमीचं वाक्य, रंगनाथला अजून आठवतं. आणि आबांच्या खांद्यावर असायचा चंद्रभान, थोरल्यांचा मुलगा. पुतण्याला घ्यायला बंदी नव्हती. आबा त्याला वर उडवायचे, पोटाला दाढी घासायचे, शेतातून येताना त्याच्यासाठी खिशात हरभऱ्याचे घाटे आणायचे, आणि त्यातले निम्मे "रंग्याला दे" म्हणून त्याच्याच हाती द्यायचे. घाटे मिळायचे, पण ते चंद्रभानच्या हातून. एकदा असाच ताप भरला होता रंगनाथला, माजघरात वाकळीखाली पडला होता. दुपारी आबा दारापर्यंत आले. आत न बघता चुलीकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "कसं हाय आता?" आतून आई म्हणाली, "हाय तसंच." आबा थोडे थांबले आणि निघून गेले. मग अंगणातून चंद्रभानचं खिदळणं ऐकू आलं. चंद्रभान साधा, भोळा, आजही रंगनाथला बघून त्याला आनंदच होतो. पण त्या खिदळण्यापायी रंगनाथनं त्याचा कितीतरी वर्षं मनातून राग राग केला, आणि चंद्रभानला त्याचा पत्ताही नाही.

मग वैजू झाली. पहिल्यांदा तिला पेडगावला नेली तेव्हा ओसरीवर थोरले होते, आबा होते, दोन-चार भावकीतले होते. पोरगी सगळ्यांमधून रांगत रांगत नेमकी त्याच्याकडे आली, त्याचा गुडघा धरून उभी राहिली आणि खुळखुळ्यासारखी हसली. रंगनाथनं हातातला पेपर जरा वर धरला. पोरीनं थोडा वेळ वाट पाहिली, मग तिचे पाय लटपटले आणि ती मागच्या मागे बसली. कुणीतरी कौतुकानं म्हणालं, शहरात राहून बी पोरगं रीत विसरलं न्हाई. त्याला तेव्हा बरं वाटलं होतं, हे आठवून त्याला आता स्वतःची शिसारी आली. बरं, ते पेडगाव. इथं परभणीत, या एका खोलीत, एरवी कोण वडीलधारं बसलेलं असायचं? दाराला कडी लावून पोरीला तासन्‌तास मांडीवर घेतली असती तर कुणाला कळलं असतं? पण हातांना ते समजलं नाही. ते आपले पेडगावलाच असल्यासारखे वागत राहिले. पोरगी जवळ आली की ते पेपर शोधायचे, सायकल पुसायला घ्यायचे, आणि नर्मदा पोरीला उचलून न्यायची. पुढं पुढं पोरगी यायचीच बंद झाली.

त्यानं चमच्यात औषध ओतलं आणि हात लांब करून वैजूच्या ओठाशी नेलं. "घे. गोड हाय," तो म्हणाला. वैजूनं डोळे उघडले, चमचा बघितला, दात घट्ट मिटले आणि मान फिरवली. गुलाबी ओघळ हनुवटीवरून झग्याच्या गळ्यात उतरला. त्यानं पुन्हा चमचा भरला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं हातानं चमचा उडवला आणि रडायला लागली. "आई. आई पायजे."

"आई उद्या येती," तो म्हणाला. उद्या येईल की नाही हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

आबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "पांघरून घाल तिला. चांगलं डोक्यापसून. घाम फुटला की उतरतोय ताप."

"डॉक्टर म्हणले, पाण्यानं पुसायचं."

"पाणी? तापल्या अंगाला?" आबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे मान वळवली. "सर्द-गरम व्हईल की पोरगी. तुमाला समद्यांला वाकळीखालीच घातलं, कोण मेलं?"

आबांना उलट न बोलणं हीही न शिकवताच कळलेली गोष्ट होती. त्यानं पत्र्याच्या ट्रंकेवरची वाकळ उचलली आणि पोरीवर पसरली, आणि मनातल्या मनात त्याला हायसंही वाटलं. वाकळ घालायला अंगाला हात लावावा लागत नव्हता. करण्यासारखं काही केल्याचं समाधान मिळत होतं, आणि आबांचा शब्दही राहत होता. तो भिंतीला टेकून बसला. बाहेर रस्ता ओस पडला होता. एरवी या वेळी रिक्षांची पोंपों असते, समोरच्या गिरणीचा पट्टा फटफटत असतो. आज एक कुत्रं तेवढं नाल्याकडेला धापा टाकत होतं. वेधशाळेत आज बन्सीधर असेल. पेटीचं दार उघडून, नळीवर श्वास सोडत, चाळीस की एक्केचाळीस याचा विचार करत असेल. वाकळीखालून वैजूचा श्वास ऐकू येत होता, बारीक आणि घाईघाईचा. रंगनाथला एकदम फार एकटं वाटलं. बाप समोर बसला होता, लेक पायाशी पडली होती, आणि दोघांच्या मधोमध बसून एखाद्या परगावच्या धर्मशाळेत उतरल्यासारखं त्याला वाटत होतं.

घाम आला नाही. त्यानं वाकळीत हात घालून पुन्हा थर्मामीटर लावला. नळी उजेडाला धरली आणि पुन्हा एकदा वाचली, कारण पहिल्यांदा त्याचा विश्वास बसला नाही. एकशेचार. म्हणजे चाळीस. चाळीस म्हणजे एप्रिलमधली परभणीची साधी दुपार. हा आकडा त्यानं आजवर कितीदा वाचला, सांगितला, आणि चहा प्यायला गेला! चाळीस अंशांना माणसं सायकली चालवतात, कापसाच्या गाड्या भरतात, लग्नं लागतात. तीच दुपार आता त्या एवढ्याशा अंगात शिरली होती, आणि आपण वरून तिच्यावर वाकळ टाकली होती. त्यानं वाकळ जरा बाजूला केली. वैजूचे डोळे अर्धे उघडे होते, पण ती कशाकडेच बघत नव्हती. अचानक तिचं अंग दचकलं. दोन्ही हात वर उडाले, मुठी वळल्या, आणि पुन्हा खाली पडले.

आकडी. पुढचं त्यानं ठरवून केलं नाही. वाकळ पार दारापर्यंत भिरकावली, पोरीला दोन्ही हातांनी उचललं आणि मांडीवर घेतलं. "वैजू! ए वैजू! बघ इकडं!" तो ओरडला, आणि आपला आवाज या खोलीत एवढा मोठा कधी निघाला नव्हता हेही त्याला ऐकू आलं. पोरीनं डोळे फिरवले, त्याच्याकडे पाहिलं, आणि भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून त्याच्या जिवात जीव आला.

पलंग करकरला. आबा उठले होते. रंगनाथनं वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात ढिले पडले असते, याची त्याला खात्री होती. आबा खाकरले. खुंटीवरचं उपरणं त्यांनी डोक्याला गुंडाळलं, दारातली वाकळ उचलून पलंगावर ठेवली, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. पायरीवर रणरणतं ऊन होतं. तरी ते तिथंच बसले, रस्त्याकडे तोंड करून, खोलीकडे पाठ करून. रागानं गेले की आणखी कशानं, ते त्याला त्या वेळी कळलं नाही. कळून घ्यायला सवडही नव्हती.

मग बराच वेळ झटापट चालली. हात काखेखाली अडकवायचा, हे बघून माहीत असणं वेगळं आणि करणं वेगळं. वैजूनं लाथा झाडल्या, त्याच्या मनगटाला चावली, "तू नको, आई" असं पुन्हा पुन्हा म्हणाली. ते त्याला लागलं. तरी चमचा आत गेला, आणि पोरीनं ठसकत गिळला. त्यानं झगा काढला, पंचा माठातल्या पाण्यात भिजवला आणि पुसायला लागला. कपाळ, मान, काखा, पाठ, तळपाय. पाठीच्या कण्यावर बारीक लव होती. डाव्या खांद्यामागे तिळाएवढा डाग होता. हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पंचा फिरवावा आणि तो लगेच गरम व्हावा. पुन्हा भिजवावा, पुन्हा फिरवावा. तिच्या अंगाची धग त्याच्या बनियनमधून पोटाला लागत होती, आणि लांब राहून श्वास रोखण्याची बात आता उरलीच नव्हती. हळूहळू तिच्या लाथा थांबल्या. तिनं त्याच्या बनियनचा गळा मुठीत धरला आणि डोळे मिटले. तिनं धरलं ते त्याला नव्हे, जे जवळ होतं त्याला धरलं, हे तो समजून होता. उद्या आई आली की ही मूठ सुटणार, आणि पोरगी पुन्हा लांबूनच बघणार. तरी त्यानं मुठीवर आपला हात ठेवला. एवढी वर्षं हे सगळं इथं, याच खोलीत, हाताच्या अंतरावर होतं. त्याला रडू आलं, आणि ते पुसायला हात मोकळा नसल्यामुळे तो तसाच बसून राहिला.

उन्हं कलली तेव्हा तिच्या केसांच्या मुळाशी ओल आली. आधी त्याला पंचाचं पाणी वाटलं. मग मानेवर आली, वरच्या ओठावर थेंब आले. त्याचा पाय केव्हाच मुंग्यांनी भरून गेला होता. थर्मामीटर पलंगाखाली गेला होता, वाकल्याशिवाय मिळण्यासारखा नव्हता. त्यानं कपाळाला हात लावला, आणि ताप उतरलाय हे त्याला कळलं. नुसतं कळलं. दुपारभर हात तिथंच होता, त्याला आता विचारावं लागत नव्हतं.

पायरीवर आबा होते तसेच बसले होते. ऊन त्यांच्यावरून सरकून समोरच्या भिंतीवर गेलं होतं. उपरण्याखाली त्यांची मान वाळून गेलेली दिसत होती. आणि त्या पाठीकडे बघता बघता रंगनाथला वाटलं, की माजघराच्या दारात चुलीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाकडे तेव्हा, त्याला पोराला जवळ घेता यावं म्हणून, कुणीच अशी पाठ केली नव्हती. थोरले ओसरीवरच बसलेले असायचे.

"आबा," त्यानं हाक मारली. "आत या की. किती वेळ बसता बाहेर?"

आबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, थांबत थांबत. आत आले आणि दाराशीच उभे राहिले. "उतरला का?" त्यांनी चुलीकडे बघत विचारलं. चूल पेटलेली नव्हती, तिथं कुणी नव्हतं.

"उतरलाय. घाम आलाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुमी बघा बरं जरा हात लावून."

"मला काय कळतंय त्यातलं? ते बायांचं काम."

"बघा तं."

आबा हलले नाहीत. "थोरले व्हते तवर..." ते म्हणाले.

"आता कोण हाय थोरलं?" रंगनाथ म्हणाला. "तुमीच हाव की."

हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नसावं. मग ते जवळ आले, उजवा हात धोतराला पुसला, उलटसुलट दोन्ही बाजूंनी पुसला, आणि वाकून वैजूच्या कपाळावर ठेवला. बोटांची पाठ नव्हे, अख्खा तळवा. नांगर धरून धरून रुंद झालेल्या त्या हाताखाली पोरीचं कपाळ झाकूनच गेलं. त्यांची बाही रंगनाथच्या दंडाला लागली, तंबाखूचा आणि उन्हाचा वास आला. आबा इतक्या जवळ आलेले त्याला आठवतच नव्हते. तो हात जाता जाता एकदा आपल्याही कपाळावरून जावा असं त्याला वाटलं, आणि एवढ्या वाढलेल्या माणसाला असं वाटावं याची लाजही वाटली. तो हलला नाही. हललं तर हात निघून जाईल, या धास्तीनं त्यानं श्वास रोखून धरला.

"गरम लागायलंय का?" त्यानं हळूच विचारलं.

आबांचा हात तिथंच होता.

"काय की," ते म्हणाले. "मऊ हाय."